टीएमएसमध्ये मोटर थ्रेशोल्ड कसा काढायचा

टीएमएस म्हणजे डोक्यावर धरलेल्या कॉइलच्या चुंबकीय पल्सने मेंदूला चेतवणं; मोटर थ्रेशोल्ड म्हणजे त्यातून हाताचा स्नायू आकुंचन पावायला लागणारी किमान तीव्रता. आधी रुग्णाची विचारपूस: डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट, पूर्वी फिट? यातलं काही असेल तर तिथेच थांबून डॉक्टरांशी बोला. रुग्ण आणि तुम्ही, दोघांनीही कानात इअरप्लग घाला.

अंगठा आणि तर्जनीमधल्या स्नायूवर ईएमजीचे (स्नायूतली विद्युत हालचाल मोजणारे) इलेक्ट्रोड लावा. आठच्या आकाराची कॉइल डोक्याच्या माथ्याच्या मध्यबिंदूपासून, इलेक्ट्रोड लावलेल्या हाताच्या विरुद्ध बाजूला साधारण ५ सेंमीवर, कवटीला अगदी सपाट टेकवा. कॉइलची मूठ मागे, डोक्याच्या मध्यरेषेशी ४५ अंशांत. यंत्राच्या कमाल तीव्रतेच्या ४०-५० टक्क्यांपासून सुरुवात करून कॉइल थोडी थोडी सरकवा. सर्वात मोठा प्रतिसाद येईल ती जागा रुग्णाच्या डोक्यावरच्या टोपीवर पेनाने नोंदवा. मग तीव्रता टप्प्याटप्प्याने उतरवा, दोन पल्समध्ये किमान ५ सेकंद ठेवा. १० पैकी ५ वेळा किमान ५० मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद देणारी सर्वात कमी तीव्रता म्हणजे थ्रेशोल्ड.

घोटाळा बहुतेकदा हाताशी होतो. स्नायू जरा जरी ताठ असला की आकडा खोटा कमी येतो, म्हणून ईएमजीची रेघ शांत होईपर्यंत थांबाच. कॉइलची कड उचलली गेली तर उलट, आकडा फुगतो. नैराश्याच्या उपचारात थ्रेशोल्डच्या १२० टक्के द्यायचे असतात, तेव्हा ही चूक फिटचा धोका वाढवते. रुग्णाची झोप झाली नसेल किंवा औषधं बदलली असतील तर थ्रेशोल्ड नव्याने काढा.