पहिल्याच दिवशी ०.७ व्होल्ट? मायक्रोबियल फ्युएल सेलचे इलेक्ट्रोड निवडताना या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत मायक्रोबियल फ्युएल सेलचा, म्हणजे जिवाणूंकडून वीज मिळवणाऱ्या सेलचा, प्रकल्प घेतला की गाळासाठी लांब जावे लागत नाही. खाडी जवळ आहे आणि सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) त्याहून जवळ. गाळातले जिवाणू सेंद्रिय पदार्थ खातात आणि सुटलेले इलेक्ट्रॉन गाळात पुरलेल्या इलेक्ट्रोडला, म्हणजे ॲनोडला देतात. तारेतून ते दुसऱ्या इलेक्ट्रोडवर, म्हणजे कॅथोडवर पोचतात आणि तिथे प्राणवायू ते घेतो. गाळ सहसा दगा देत नाही. सेल फसतो तो चुकीचा धातू, सैल जोड आणि दुर्लक्षित कॅथोड यांमुळे.

गंजणाऱ्या धातूची वीज जिवाणूंच्या नावावर

सगळ्यात जास्त प्रकल्प इथे फसतात. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) जाळी, ॲल्युमिनियमची पट्टी किंवा तांब्याची तार ॲनोड म्हणून गाळात पुरली की काही मिनिटांत मल्टिमीटर ०.६, ०.७, जस्त असेल तर त्याहूनही जास्त व्होल्ट दाखवतो. ही जिवाणूंची वीज नाही. धातू झिजतोय आणि तुमच्याकडे साधी बॅटरी तयार झाली आहे. २८ ते ३२ अंश तापमानात ॲनोडवर जिवाणूंचा कामाचा थर बसायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. मिनिटांत आलेला आकडा संशयास्पदच धरा.

खात्रीसाठी दोन सारखे सेल बांधा. एकात ताजा गाळ भरा. दुसऱ्यात प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास शिजवून गार केलेला गाळ भरा (तो कुकर पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका). पहिल्या काही दिवसांत दोन्ही सेल सारखाच आकडा देत असतील, तर वीज धातूची आहे. खाडीच्या काळ्या, कुबट वासाच्या गाळात सल्फाइड असते आणि तेही सुरुवातीला थोडा प्रवाह देते. म्हणून तुलना किमान तीन आठवडे चालू ठेवा.

तांब्यावरही वीज देणारा थर वाढू शकतो, हे प्रयोगशाळेत दाखवले गेले आहे. पण तिथे ॲनोडचे विभव (पोटेन्शियल) उपकरणाने नियंत्रित असते. खारट, सल्फाइडयुक्त चिखलात तांबे काळे पडते आणि सुटलेले तांब्याचे आयन जिवाणूंना घातक ठरतात. स्टील वापरायचेच असेल तर ३१६ ग्रेडचे स्टेनलेस मागा. ३०४ ला खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडतात.

गाळ आणताना खारफुटीच्या पट्ट्यात परवानगीशिवाय खणू नका. एसटीपीतला गाळ चालतो, पण हवा सोडलेल्या टाकीतला घेण्याऐवजी तळाशी साचलेला, हवा न लागलेला घ्या.

कार्बन आहे, पण चुकीचा

टॉर्चच्या जुन्या सेलमधली कार्बन कांडी फुकट मिळते, म्हणून सगळे तीच वापरतात. ती पाणी झिरपू नये म्हणून बहुधा मेणाने मुरवलेली असते आणि तिचा पृष्ठभागही तुटपुंजा असतो. ४ मिमी जाडीची, ५ सेंमी लांब कांडी म्हणजे जेमतेम ६ चौरस सेंमी. पेन्सिलच्या शिशात तर चिकणमाती असते. ५ × ५ सेंमी कार्बन फेल्टच्या (कार्बन तंतूंच्या नमद्यासारख्या कापडाच्या) आतल्या तंतूंवर याच्या कित्येक पट जागा मिळते. ३ ते ५ मिमी जाडी पुरे. त्याहून जाड फेल्टच्या गाभ्यात अन्न नीट पोचत नाही.

नवे फेल्ट मात्र पाणी झटकते. तसेच पुरले तर आतल्या तंतूंत हवा अडकून राहते आणि थर फक्त वरवर बसतो. अर्धा तास आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा, तीन-चार वेळा पाण्याने धुवा, रात्रभर पाण्यात ठेवा. कॉलेजात मफल फर्नेस (प्रयोगशाळेची बंद भट्टी) असेल तर ४५० अंशांवर ३० मिनिटे तापवा. वेळ वाढवू नका, कार्बन जळून कमी होतो.

जोड

फेल्टमध्ये तांब्याची तार ओवून ती पाण्याखाली सोडली की जोड हिरवा पडतो, अडथळा वाढतो आणि आठवड्याभराने वीज का घटली ते कळत नाही. टायटॅनियमची तार शिवून घ्या, किंवा फेल्टलाच लांब शेपूट ठेवून जोड पाण्याबाहेर आणा. पण भिजलेले फेल्ट दिव्याच्या वातीसारखे पाणी वर ओढते. शेपटीच्या मध्यावर दोन सेंमी भाग एपॉक्सीत पूर्ण मुरवा.

पुरण्याआधी तारेच्या टोकापासून फेल्टच्या लांबच्या कोपऱ्यापर्यंत ओहम मोजा. पाचच्या आसपास ठीक. शंभर आले तर ०.४ मिलिअँपिअर प्रवाहावर ०.०४ व्होल्ट जोडातच गेले.

ॲनोड बदलत बसणे

वीज कमी आली की सगळे ॲनोडकडे वळतात. बहुतेक वेळा अडतो तो कॅथोड. ३० अंशांना गोड्या पाण्यात प्राणवायू लिटरला साडेसात मिलिग्रॅमच मावतो, आणि साध्या ग्रॅफाइटवर त्याची अभिक्रिया मंद चालते. म्हणून पाण्यात खोल बुडवलेला कॅथोड उपाशी राहतो. तो पृष्ठभागावर, अर्धा हवेत ठेवा. त्याहून चांगले म्हणजे वजनाने सहा भाग ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि एक भाग पीटीएफई (टेफ्लॉन) मळून ३१६ च्या जाळीवर लाटलेला एअर कॅथोड, ज्याची एक बाजू पाण्याला आणि दुसरी हवेला लागते. प्लॅटिनम महाग आहे आणि सल्फाइडने ते निकामी होते.

दोष नेमका कुणाचा, ते ओळखायला ॲनोड तसाच ठेवून कॅथोडचे क्षेत्रफळ दुप्पट करा. प्रवाह ठळकपणे वाढला, तर अडचण कॅथोडची होती. सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याचे विभव स्थिर असते आणि ज्याच्याशी इतरांचे मोजतात) असेल तर उत्तमच: भार, म्हणजे रेझिस्टर, लावल्यावर ज्याचे विभव जास्त सरकते, तो कमजोर. तार उघडी, म्हणजे भार न जोडलेली, असताना चांगला ॲनोड या इलेक्ट्रोडच्या तुलनेत साधारण उणे ०.५ व्होल्टजवळ असतो.

फक्त उघड्या तारेचा व्होल्टेज

मल्टिमीटर प्रवाह जवळजवळ घेतच नाही, म्हणून भाराशिवायच्या आकड्यावरून सेलची ताकद कळत नाही. दोन इलेक्ट्रोडची तुलना करायची तर १००० ओहमचा रेझिस्टर कायम जोडून ठेवा आणि त्याच्यावरचा व्होल्टेज रोज एकाच वेळी नोंदवा. ०.४ व्होल्ट म्हणजे ०.१६ मिलिवॉट, २५ चौरस सेंमीला ते चौरस मीटरमागे ६४ मिलिवॉट होतात. फेल्टच्या दोन्ही बाजू धरल्या तर ३२. कोणते क्षेत्रफळ धरले ते तक्त्यात लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ उरत नाही.

पावसाळ्यात खाडीच्या पाण्याचा खारटपणा उतरतो, पाण्याचा अडथळा वाढतो आणि तेच इलेक्ट्रोड कमी वीज देतात. जानेवारीचा आणि ऑगस्टचा सेल शेजारी ठेवून इलेक्ट्रोडला दोष देऊ नका. आधी पाण्याची वाहकता मोजा. एअर कॅथोडवर पांढरी खरड दिसली तर तिथला सामू वाढून क्षार बसलेत. काढून पातळ व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा, धुवा, हवेकडची बाजू कोरडी करून परत लावा.