परराष्ट्र सेवा की न्यायसेवा? पसंतीक्रम भरण्याआधी घरचा हिशोब कसा मांडायचा

परराष्ट्र सेवेची किंवा न्यायसेवेची तयारी करणाऱ्यांना अभ्यासक्रम तोंडपाठ असतो, पण बदल्या कशा होतात हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. परीक्षेची दोन-चार वर्षं निघून जातात, बदल्या मात्र साठाव्या वर्षापर्यंत सुटत नाहीत. म्हणून आधी घर आणि मग पुस्तकं.

एका कोऱ्या कागदावर पुढची दहा वर्षं मांडा. आईवडिलांची वयं आणि दुखणी, जोडीदाराचं काम, मूल कधी हवं, घराचं कर्ज, आणि कोणत्या गोष्टीवाचून तुमचं अडतं. मोघम लिहू नका. ‘घरच्यांकडे लक्ष द्यायचं आहे’ याचा उपयोग नाही. ‘आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दोन वर्षांत करायची आहे, जवळ दुसरं कोणी नाही’ असं लिहिलंत तरच पुढचा निर्णय होतो. लग्न ठरलेलं असेल तर हा कागद दोघांनी मिळून भरा.

आता परराष्ट्र सेवा. वाट यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतूनच जाते. खुल्या गटाला वयोमर्यादा ३२ आणि परीक्षेला बसायच्या संधी ६. इतर मागासवर्गीयांना ३५ आणि ९. अनुसूचित जाती-जमातींना ३७ पर्यंत कितीही. मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ असे एकूण २०२५ गुण. मराठी माध्यमातून लिहिता येतं, मुलाखतही मराठीत देता येते. कायद्याचे पदवीधर विधी हा वैकल्पिक विषय घेऊ शकतात. निवडीनंतर मसुरीत पायाभूत प्रशिक्षण, मग दिल्लीत सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्था. त्यानंतर एक परकी भाषा वाट्याला येते आणि ती बोलली जाते अशा देशात पहिली नेमणूक होते. भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. मूळ वेतन ५६,१०० पासून, परदेशात असताना वेगळा परदेश भत्ता.

या सेवेला राज्याचा केडर, म्हणजे नेमून दिलेलं राज्य, नसतो. महाराष्ट्र मागून घेण्याचा प्रश्नच नाही. देशात असाल तेव्हा घर बहुधा दिल्लीत. परदेशी नेमणूक साधारण तीन वर्षांची, कठीण ठिकाणी त्याहून कमी. म्हणजे मूल दहावीला पोचेपर्यंत त्याच्या तीन-चार शाळा सहज बदलतात. मुलांच्या आठवी ते बारावीच्या काळात आपण कुठे असू, याचा अंदाज आधीच बांधून ठेवा. जोडीदाराला परदेशात नोकरी करता येईल की नाही, हे त्या देशाशी भारताचा तसा करार आहे का यावर ठरतं. सरकारी नोकरीतला जोडीदार बिनपगारी रजा घेतो, खासगी नोकरीतल्याला घरून करता येणारं काम शोधावं लागतं. वकील किंवा डॉक्टर जोडीदाराची अडचण सगळ्यात मोठी, कारण तिथला परवाना वेगळा लागतो. परदेशी नागरिकाशी लग्न करायचं तर सरकारची परवानगी लागते.

पूर्वी या सेवेतल्या स्त्रीला कोणाशीही लग्न करायला लेखी परवानगी लागत असे, आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असं सरकारला वाटलं तर राजीनामा मागता येत असे. सी. बी. मुथम्मा या सेवेत आलेल्या पहिल्या महिला. बढती नाकारली गेल्यावर त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ च्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी या भेदभावावर कडक शब्दांत टीका केली. आज सेवेत येणाऱ्या प्रत्येक मुलीनं हा निकाल मुळातून वाचावा.

काम म्हणजे मेजवान्या आणि भाषणं असं चित्र डोक्यात असेल तर ते पुसून टाका. आखातातल्या दूतावासात कनिष्ठ अधिकाऱ्याच्या टेबलावर मृत कामगाराचा पासपोर्ट येतो. मृत्यूचा दाखला, वारसांचं संमतीपत्र आणि शवलेपनाचा दाखला तपासायचा, पासपोर्ट रद्द करायचा, ना-हरकत पत्र द्यायचं, तेव्हा कुठे पार्थिव विमानात चढतं. गावाकडून फोन येत असतात, त्यांच्याशीही बोलायचं असतं. हे मनापासून करावंसं वाटत असेल तर ही सेवा तुमची.

नागरी सेवा परीक्षेसाठी कोणती सेवा आधी हवी हा पसंतीक्रम भरताना सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘आधी मिळू दे, नको असेल तर पुन्हा परीक्षा देऊ’ हा विचार. भारतीय प्रशासकीय सेवेत किंवा परराष्ट्र सेवेत नेमणूक होऊन तुम्ही सेवेत राहिलात, की नागरी सेवा परीक्षेला पुन्हा बसता येत नाही. परराष्ट्र सेवेच्या जागा इतर सेवांच्या मानाने फार थोड्या असतात, म्हणून कित्येक जण सहज दुसऱ्या क्रमांकावर ती लिहून टाकतात आणि मग ती खरंच मिळते. वरचा कागद या वेळी समोर हवा.

न्यायसेवेचा हिशोब वेगळा. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी हे पद एमपीएससीतून भरलं जातं. पूर्व परीक्षा १०० गुण, मुख्य परीक्षेला १०० गुणांचे दोन पेपर, मुलाखत ५०. प्रशिक्षण भाईंदरजवळ उत्तनच्या न्यायिक अकादमीत. मूळ वेतन ७७,८४० पासून. बदल्या राज्यातच, साधारण तीन वर्षांनी, आणि बहुधा स्वतःच्या जिल्ह्याबाहेर. मुलांची शाळा मराठीत चालू राहू शकते, आईला भेटायला रात्रीची एसटी पुरते. उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी मिळते. पण अटक केलेल्या आरोपीला २४ तासांत हजर करावंच लागतं, त्यामुळे रिमांडची (आरोपीला कोठडीत ठेवायचं की नाही हे ठरवण्याची) पाळी असेल तर रविवारी दुपारी जेवणाच्या वेळी पोलीस दारात उभे राहतात. तालुक्याच्या गावात न्यायाधीशानं लग्नसमारंभात, मित्रमंडळात फारसं मिसळायचं नसतं. माणसांशिवाय ज्यांना करमत नाही, त्यांना याचाच जास्त त्रास होतो.

इथे एक अट नीट समजून घ्या. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा बंधनकारक केली. ती वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जाते. त्यासाठी तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा दाखला लागतो, किंवा किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचा दाखला आणि त्यावर त्या अधिकाऱ्याची मान्यता. गडबड होते ती अशी: मुलं सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेतात आणि दिल्लीला किंवा पुण्याला क्लास लावून बसतात. तीन वर्षांनी दाखल्यावर सही कोण करणार? पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर सनद स्थगित ठेवावी लागते, तो काळही धरता येत नाही. म्हणून एका वरिष्ठाकडे नियमित जा, वकालतपत्रावर (पक्षकार वकिलाला नेमतो त्या कागदावर) आपलं नाव घाला, रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत, आपली हजेरी लागते का ते बघा, आणि प्रकरण क्रमांक व तारखा वहीत टिपून ठेवा. अर्ज भरताना त्या दिवसाची जाहिरातच प्रमाण माना. अभ्यास मात्र भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियमाचा करा, हे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू आहेत. जुन्या भारतीय दंड संहितेच्या नोट्स स्वस्तात मिळतात, त्या घेऊ नका.

बारावीनंतर पाच वर्षांचा कायदा केला तर तेविसाव्या वर्षी पदवी, सव्विसाव्या वर्षी तीन वर्षं पुरी. यूपीएससीची वयोमर्यादा तोवर बरीच लांब असते. या तीन वर्षांत सकाळी न्यायालय, संध्याकाळी विधी हा वैकल्पिक विषय, असं दोन्ही सांभाळता येतं. मात्र सहाही संधी याच काळात उधळू नका. पुरेशी तयारी नसताना पूर्व परीक्षेचा एक पेपर जरी दिलात तरी संधी मोजली जाते.

मधल्या वाटाही आहेत. परराष्ट्र मंत्रालयाच्या विधी व करार विभागात विधी अधिकाऱ्यांच्या जागा यूपीएससी अधूनमधून थेट भरतीनं भरते. जागा मोजक्या. आंतरराष्ट्रीय कायद्यात एलएलएम (पदव्युत्तर पदवी) करणाऱ्यांनी त्या जाहिरातींवर नजर ठेवावी. पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणी २०१९ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल भारताच्या बाजूनं लागला, तो वाणिज्यदूत संबंधांच्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ वर, म्हणजे अटकेतल्या परदेशी नागरिकाला आपल्या देशाच्या वाणिज्यदूताशी संपर्क साधू देण्याच्या नियमावर. असं काम या विभागाच्या आवाक्यातलं. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल (पदवीधरांसाठीच्या) परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी होता येतं, मूळ वेतन ४४,९०० पासून, आणि परदेशी नेमणुका त्यांनाही मिळतात. युक्तिवादाची आवड असेल आणि महाराष्ट्र सोडायचा नसेल, तर सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे फौजदारी खटल्यात सरकारची बाजू मांडणारा वकील, हे पद बघा.

अर्ज भरण्याआधी एखाद्या सोमवारी तालुका न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर दिवसभर बसा. खुल्या न्यायालयात कोणालाही बसता येतं. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, किती प्रकरणं आहेत, किती जणांना नुसती पुढची तारीख मिळाली, न्यायाधीश किती वाजता उठले, हे लिहून घ्या. दूतावासाचं काम असं आत जाऊन बघता येत नाही. त्यासाठी सेवेतल्या अधिकाऱ्याशी बोलाच, पण शक्य असेल तर त्यांच्या जोडीदाराशी आधी बोला. शाळा, नोकरी, आजारपण आणि सामानाची बांधाबांध याबद्दल तिथेच खरं ऐकायला मिळेल.