व्हिक्टोरियन गायिकांची शीट म्युझिक मुखपृष्ठे: या चुका टाळा

स्वीडिश गायिका जेनी लिंड १८४७ च्या मे महिन्यात लंडनच्या रंगमंचावर प्रथम उभी राहिली आणि पाठोपाठ सुट्या गाण्यांच्या छापील स्वरलिपींवर, म्हणजे शीट म्युझिकवर, तिचा चेहरा झळकू लागला. मुखपृष्ठावर तिचे चित्र आहे, म्हणजे आतली रचना तिने गायली असलीच पाहिजे, ही संग्राहकांची पहिली आणि सर्वांत हट्टी चूक. तिच्या नावाने पोल्काही निघाल्या; पोल्का तर पियानोवर वाजवायचे नृत्यसंगीत, त्यात गाण्यासारखे काही नसतेच. हे चित्र मुळात दुकानाच्या काचेमागे ग्राहकाला थांबवण्यासाठी काढलेले असे. ‘अमुक गायिकेने गायलेले’ ही ओळही भाबडेपणाने वाचू नये, कारण पुढे बॅलड, म्हणजे घरगुती मैफलीत गायची भावुक गाणी, गाणाऱ्या नामवंत गायिकांना खपलेल्या प्रतींमागे मोबदला देण्याची पद्धत प्रकाशकांनी रूढ केली होती. याउलट गायिका व्हेस्टा टिलीच्या मुखपृष्ठावर ऐटबाज पुरुषी पोशाखातली व्यक्ती दिसते म्हणून ते ‘पुरुष गायक’ या गठ्ठ्यात टाकणारेही भेटतात. पुरुषवेशातली गाणी हीच तिची ख्याती होती.

कालनिर्णयात अधिक सावध राहावे लागते. बहुतेक प्रतींवर वर्ष छापलेले नसते. पोशाखावरून अंदाज बांधावा, तर तो अनेकदा भूमिकेचा वेश असतो, त्या वर्षीची फॅशन नव्हे. चित्रकाराची सही उपयोगी पडते: जॉन ब्रँडर्ड (१८१२–१८६३) आणि आल्फ्रेड कॉन्कॅनेन (१८३५–१८८६) ही नावे वारंवार आढळतात. तरीही सहीवरून चित्राचा काळ कळतो, हातातल्या प्रतीचा नव्हे, कारण खपणारे गाणे पुन्हापुन्हा छापले जाई. गायिका-अभिनेत्री मादाम व्हेस्ट्रिसची कित्येक मुखपृष्ठे तर व्हिक्टोरिया १८३७ मध्ये गादीवर येण्यापूर्वीची आहेत, पण विक्रेते सरसकट ‘व्हिक्टोरियन’ म्हणून मोकळे होतात.

खालच्या कडेला मुद्रकाचे नाव सापडत नसेल, तर प्रत खोटी ठरवण्याची घाई करू नका. घरोघरी ही गाणी एकत्र बांधून घेत आणि बांधणीत कडा छाटल्या जात. अशा वेळी न छाटलेल्या प्रतीशी ताडून पाहावे. इंग्लंडमधील रीडिंग विद्यापीठातील स्पेलमन संग्रह खास अशा मुखपृष्ठांचाच आहे. खऱ्याखोट्यासाठी भिंग हवे. ही चित्रे बहुधा शिळाछापाने, म्हणजे दगडावर रेखाटून, छापलेली असत; त्यात खडूसारखे अनियमित कण दिसतात, तर आधुनिक नकलेत ठिपक्यांची शिस्तबद्ध जाळी. रविवर्म्याच्या छापखान्यातले जुने चित्र आणि त्याची आजची कॅलेंडर-आवृत्ती शेजारी ठेवून पाहिली, तर हा फरक घरबसल्या कळतो.

फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर कदापि करू नये, कारण ते मागे घेता येत नाही. सर्वांत मोठे नुकसान मात्र चौकटीच्या हौसेपायी होते: मुखपृष्ठ भिंतीवर जाते आणि आतली पाने रद्दीत. स्वरलिपी बहुधा धातूच्या पत्र्यावर कोरून छापत, आणि त्या पत्र्याचा क्रमांक आतल्या पानांच्या तळाशी असतो. प्रकाशकाच्या इतर, तारीख माहीत असलेल्या क्रमांकांशी तो जुळवला, तर सुंदर चित्र जे वर्ष सांगत नाही, ते त्या रुक्ष आकड्यावरून बरेचसे उलगडते.