थिअर्जीचे ग्रंथ कोणत्या क्रमाने वाचावेत?

प्राचीन काळाच्या अखेरच्या टप्प्यातील ग्रीक तत्त्वज्ञांनी थिअर्जीला, म्हणजे दैवी कर्मविधीला, एवढे मोठे स्थान का दिले हे समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात ‘खाल्डियन दैववाणी’पासून करू नये. दुसऱ्या शतकातील या पद्यसंग्रहाची मूळ प्रत हरवली असून प्रोक्लस, दमास्किअस आदी नंतरच्या तत्त्वज्ञांनी उद्धृत केलेले तुकडेच हाती आहेत. ते कोणी आणि कोणत्या मुद्द्यासाठी दिले हे कळल्याशिवाय वाचणारा त्यांत आपल्याच पदरचा अर्थ घालतो.

प्रथम तत्त्वज्ञ पोर्फिरीने आनेबो या इजिप्शियन पुरोहिताला लिहिलेले पत्र घ्यावे. देव विकाररहित असतील तर त्यांना आवाहन कशासाठी, हा त्यातील एक नेमका प्रश्न आहे. थिअर्जीचा पुरस्कर्ता तत्त्वज्ञ इयाम्ब्लिकस याने आबामोन या नावाने दिलेले उत्तर पुढे ‘इजिप्शियनांची रहस्ये’ या आशयाच्या शीर्षकाने प्रसिद्ध झाले. वहीच्या डाव्या पानावर प्रश्न आणि उजव्या पानावर उत्तर असे टिपण ठेवावे.

या उत्तराच्या दुसऱ्या भागातील अकराव्या प्रकरणावर मात्र सवडीने थांबावे. केवळ चिंतनाने देवाशी ऐक्य होत नाही, ते विधी आणि प्रतीकांमुळे होते, असे तेथे म्हटले आहे. तरीही ज्ञानाची गरज इयाम्ब्लिकस नाकारत नाही. यामागचे कारण आत्म्याविषयीच्या मतभेदात सापडते: पोर्फिरीचा गुरू प्लॉटिनस याच्या मते आत्म्याचा एक अंश वरच, दैवी पातळीवर, राहतो, तर इयाम्ब्लिकसच्या मते आत्मा पूर्णपणे खाली, देहात उतरतो, आणि म्हणून त्याला वरून साहाय्य लागते. आवाहनाने देव खाली ओढला जात नाही, आत्माच वर नेला जातो, हे पोर्फिरीला दिलेले उत्तर मग नीट उलगडते.

तत्त्वज्ञान आणि पूजा एकत्र नांदताना पाहण्याची सवय कोल्हापूरच्या वाचकाला असते, हा त्याचा लाभ आहे आणि धोकाही. प्रोक्लस सूर्योदयाबरोबर पाकळ्या उघडणाऱ्या कमळाचे उदाहरण देतो, तेव्हा अंबाबाईचा किरणोत्सव आठवणारच. पण किरणोत्सवात मंदिराची रचना आणि सूर्याचे स्थान यांचा मेळ आहे, तर प्रोक्लसला कमळातच सूर्याशी असलेले नाते दाखवायचे आहे. मूर्तीच्या प्राणप्रतिष्ठेशी तुलना करताना तर अधिकच जपावे, कारण मूर्तीत शक्ती उतरवू पाहणाऱ्या कारागिरांवर इयाम्ब्लिकसने स्वतः कठोर टीका केली आहे.

मारिनसने लिहिलेले प्रोक्लसचे चरित्र शेवटी वाचावे. प्रोक्लस दिवसातून तीनदा सूर्याला वंदन करी, अशी माहिती त्यात मिळते; मात्र ते शिष्याने लिहिलेले स्तुतिपर चरित्र असल्याने, त्यातील चमत्कारांच्या कथा वेगळ्या पानावर टिपाव्यात.