शस्त्रक्रियांचा आकडा पाहून सर्जन निवडताय? या चुका टाळा

‘५,००० यशस्वी शस्त्रक्रिया’ असा फलक दिसला की निम्मी धास्ती तिथेच ओसरते. पण कसल्या शस्त्रक्रिया, किती वर्षांत? हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय यांची बेरीज करून स्वादुपिंडावर हात कसा चालतो ते कळत नाही. तुमची जी शस्त्रक्रिया आहे, तिचाच वर्षाचा आकडा विचारा. सर्जनचा वेगळा, रुग्णालयाचा वेगळा.

आकडा सगळीकडे सारखाच बोलतो, हाही गैरसमज. अमेरिकेतल्या मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) रुग्णांवरचा २००२ सालचा अभ्यास पाहा. स्वादुपिंडाचा भाग काढताना, अगदी मोजक्या केसेस करणाऱ्या रुग्णालयांत १६.३ टक्के रुग्ण दगावले; सर्वाधिक केसेस करणाऱ्यांत ३.८ टक्के. मानेतली रक्तवाहिनी साफ करण्याच्या शस्त्रक्रियेत मात्र हेच आकडे १.७ आणि १.५ होते. दुसऱ्या प्रकारात केसेस मोजत बसण्यात फारसा अर्थ नाही.

मग सरळ मृत्युदरच का पाहू नये? इथे भलेभले फसतात. समजा, एका ठिकाणी खरा धोका दहात एक आहे आणि वर्षाला केसेस दहाच होतात. एकही मृत्यू न होता वर्ष निघून जाण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के! म्हणजे फलकावर ‘शून्य मृत्यू’, आणि त्यात खोटं काहीच नाही. क्वचित होणाऱ्या, अवघड शस्त्रक्रियांत केसेसचा आकडा उपयोगी पडतो तो यामुळे. मृत्युदराइतका तो नशिबावर हेलकावत नाही.

सगळं श्रेय सर्जनच्या हाताला देऊ नका. गुंतागुंत चांगल्या रुग्णालयांतही होते. रात्री दोन वाजता नाडी वाढलेली नर्सच्या लक्षात येते का, अतिदक्षता विभागात खाट मिळते का, यावर पुष्कळ अवलंबून असतं. शिवाय सरावाने हात बसतो हे खरं असलं, तरी ज्याचा हात चांगला त्याच्याकडेच रुग्ण पाठवले जातात, हेही तितकंच खरं.

धोरण ठरवणाऱ्यांची चूक वेगळी. वर्षाला किमान २० केसेस अशी अट घातली, की १९ वाला नापास आणि २० वाला पास. आणि डिसेंबरात १८ वर अडकलेल्या सर्जनला, एरवी ‘थांबून पाहू’ म्हटलं असतं असा रुग्णही शस्त्रक्रियेलायक वाटू लागतो.