हलत्या देखाव्याची मोटर संथ कशी चालवायची

परळ-लालबागच्या मंडळांसाठी मी हलत्या देखाव्यांच्या मोटरी बसवते. दरवर्षी कुणीतरी कार्यकर्ता विचारतोच, "ताई, नॉब फिरवला तरी मोटर ढिम्म, आणि मग एकदम सुसाट. कंट्रोलर गेला का?" कंट्रोलर बहुधा ठणठणीत असतो. नॉब आणि मोटरचा वेग यांचं नातं सरळ रेषेचं नसतं, त्यामुळे मोटर चालवणाऱ्या आर्डुइनोच्या (प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) प्रोग्राममध्येही सरळ रेष चालत नाही.

मोटर घ्यायची गाडीच्या वायपरची, १२ व्होल्टची. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनी मिळते. आत वर्म गिअर असल्यामुळे जोर भरपूर. तिला दोन वेगांच्या दोन वायरी असतात; कमी वेगाची जोडा, दुसरीला टेप लावून टाका. बहुतेक वायपर मोटरींचं निगेटिव्ह थेट बॉडीलाच असतं, तिकडे नीट लक्ष द्या. मॉस्फेटने, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचने, निगेटिव्हच्या बाजूने स्विचिंग केलंत, मोटर लोखंडी सांगाड्याला कसली आणि सांगाडा सप्लायच्या निगेटिव्हला कुठे टेकला, तर मॉस्फेट बाजूलाच राहतो आणि मोटर पूर्ण वेगाने सुटते. राक्षसाची गदा समोरच्या पोराला लागायला तेवढं पुरे. म्हणून मी पॉझिटिव्हच्या बाजूने स्विचिंग करता येणारं, लॅमिंग्टन रोडवर मिळणारं बीटीएस७९६० मॉड्यूल वापरते. त्याच्या एका आउटपुटवरून मोटरचं पॉझिटिव्ह, आणि बॉडी सरळ सप्लायच्या निगेटिव्हला.

रेझिस्टन्स लावून वेग कमी करायच्या फंदात पडू नका. मुंबईत १९२५ पासून १५०० व्होल्ट डीसीवर लोकल धावल्या, त्या जुन्या गाड्यांतही रेझिस्टन्स असायचे, पण गाडी वेग घेईपर्यंतच. ते कायम ठेवले तर लोड वाढल्यावर करंट वाढतो, रेझिस्टन्सच जास्त व्होल्ट खातो, आणि जोर हवा असतो नेमकी तेव्हाच मोटर बसते.

आता मोजणी. सगळा खेळ इथेच आहे, घाई करू नका. मूर्तीचा हात, शालू, दागिने सगळं चढवल्यावरच मोजायचं. रिकाम्या मोटरचे आकडे कामाचे नाहीत. पीडब्ल्यूएम म्हणजे वीज भराभर चालू-बंद करून मोटरचा वेग कमी-जास्त करणं; आर्डुइनोत त्याचा आकडा ० ते २५५ असतो. तो ० पासून एकेक वाढवत न्या. समजा ८५ ला मोटर हलली. आता आकडा तसाच उतरवत या. ती ८५ ला थांबणार नाही, ६० पर्यंत फिरत राहील, कारण थांबलेलं हलवायला जास्त जोर लागतो, फिरतं ठेवायला कमी. प्रत्येक आकड्याला हाताचा पूर्ण फेरा होऊ द्या आणि हात वर चढताना जिथे अडतो तो आकडा धरा. बरेच जण फक्त पहिला आकडा लिहून घेतात, आणि ६० ते ८५ मधली सगळ्यात देखणी चाल हातची घालवतात. देवीचा आशीर्वादाचा हात त्या संथ चालीतच जिवंत वाटतो.

थोडी जागा सोडून तळ ६५ धरा. नॉबचं रीडिंग १०२३ ने भागलं की ० ते १ मधला क्ष मिळतो. सूत्र असं: पीडब्ल्यूएम = ६५ + १९० × क्ष × क्ष. पाव नॉबला ७७ येतात, अर्ध्याला ११२, पाऊणला १७२, पूर्णला २५५. सरळ रेषेत पाव नॉबलाच ११२ आले असते. तळाशी पाच अंकांनीही चाल डोळ्यांना दिसेल इतकी बदलते, दोनशेच्या पुढे तेच पाच अंक कळतही नाहीत. म्हणून नॉबचा मोठा भाग तळाला द्यायचा.

६५ वर मोटर आपणहून सुटणार नाही, तेव्हा सुरुवातीला पाव सेकंद १२० द्या आणि मग हव्या आकड्यावर उतरा. त्यानंतर नॉब कितीही झटक्यात फिरला तरी आकडा दर २० मिलिसेकंदांना एकानेच बदलू द्या, नाहीतर पीओपीच्या मनगटाला तडा जातो.

मॉड्यूलच्या आधी पॉझिटिव्ह वायरमध्ये १० अँपिअरचा फ्यूज हवाच. आणि हात अडकला तर मोटर बंद करणारा स्विच पडद्यामागच्या माणसाच्या हाताशी असू द्या.