पुण्यात स्वतः राहता, तरी ४० टक्के सवलत नाही? पीटी-३ भरा

घरात स्वतः राहूनही मिळकतकराच्या बिलात ४० टक्के सवलत दिसत नसेल, तर पुणे महापालिकेकडे पीटी-३ अर्ज करावा लागतो. शंका असेल तर त्याच इमारतीतल्या, त्याच वर्षी आकारणी झालेल्या, तितक्याच क्षेत्रफळाच्या घराचे बिल शेजारी ठेवून पाहा. आकारणीचे वर्ष वेगळे असेल तर दरही वेगळा, मग तुलना फसते.

१. सोसायटीचे पत्र घ्या. त्यात ‘सदनिकाधारक स्वतः राहतात’ हे वाक्य हवेच. नुसता ‘थकबाकी नाही’चा दाखला इथे उपयोगाचा नाही.

२. मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड, रेशनकार्ड यांपैकी एक, त्याच घराच्या पत्त्याचे. जुना पत्ता असेल तर आधी तो बदला.

३. बिलाची प्रत जोडा. शहरात दुसरी मिळकत असल्यास तिचेही बिल द्या. सवलत एकाच घराला मिळते.

४. जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलात वळती करण्याची मागणी अर्जातच लिहा आणि शिक्क्याची पोच घ्या.

अर्ज दिला म्हणून भरणा थांबवू नका. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते.